शूमानचा नकार : वाद्यांतर आणि कृतिनिष्ठेचा प्रश्न

१

एका वाद्यासाठी रचलेली कृती दुसऱ्या वाद्यावर वाजवण्याचा अधिकार कोणाला असतो आणि तो कशावर आधारलेला असतो, हा प्रश्न वरवर पाहता संगीतव्यवहारातील एक तांत्रिक तपशील वाटतो. परंतु भाषांतर, रूपांतर, संपादन यांच्या संदर्भात साहित्यसमीक्षा ज्या 'निष्ठे'ची चर्चा करते, तिचे तार्किक स्वरूप या प्रश्नात अधिक उघडेपणाने दिसते. भाषांतरात सगळेच शब्द बदलतात. त्यामुळे काय टिकले याविषयी मतभेदाला भरपूर वाव राहतो. वाद्य बदलताना मात्र स्वर, त्यांचा क्रम आणि त्यांचे कालमान बहुतांशी जसेच्या तसे राहू शकते. जवळजवळ सर्व काही टिकूनही कृती टिकली की नाही अशी शंका येते, तेव्हा ही निष्ठा नेमकी कशाशी, हे विचारणे भाग पडते. 'भाषांतर' या शब्दाच्या धर्तीवर अशा स्थलांतरास प्रस्तुत लेखात 'वाद्यांतर' म्हटले आहे.

चर्चेसाठी रोबर्ट शूमानच्या कक्षसंगीतातील एक प्रकरण घेतो. १८४९ हे शूमानच्या दृष्टीने विलक्षण सुफल वर्ष होते. त्या वर्षी त्याने एक वाद्य आणि पियानो अशा जोडीसाठी अनेक रचना केल्या. फेब्रुवारीत हॉर्नसाठी 'अडाजिओ आणि आलेग्रो' (ओपस ७०) आणि क्लॅरिनेटसाठी 'फांटाझीश्ट्युके' (ओपस ७३) या रचना झाल्या. डिसेंबरात ओबोसाठी तीन 'रोमान्स' (ओपस ९४) झाले. यांपैकी पहिल्या दोन रचनांना व्हायोलिन वा चेलो हा पर्याय त्याने मान्य केला. तिसऱ्या रचनेच्या बाबतीत, सिमरॉक या प्रकाशकाने 'ओबो किंवा क्लॅरिनेट' असे छापावे काय अशी विचारणा केली, तेव्हा मात्र शूमानने नकार दिला. ही रचना मुळात क्लॅरिनेटसाठी केली असती तर ती सर्वस्वी वेगळी झाली असती, असा त्याच्या उत्तराचा आशय होता. तरीही सिमरॉकच्या आवृत्तीत क्लॅरिनेटचा पर्याय छापला गेलाच.

आज हे 'रोमान्स' क्लॅरिनेटवर तर वाजतातच, पण फ्रेंच हॉर्न आणि पियानो यांच्यासाठी केलेल्या वाद्यांतरातही वाजतात. ज्या वाद्याचा विषयच शूमानपुढे निघाला नव्हता, त्या वाद्यावर ही कृती नेणारा हॉर्नवादक शूमानच्या नकाराचा भंग करतो काय? आणि करीत असेल, तर त्यात कोणाचे काय बिघडते?

२

या प्रश्नाचे सर्वांत सोपे उत्तर संमतीच्या आधारे देता येते. कृती रचनाकाराची, त्याने परवानगी दिली तेथे वाद्यांतर वैध, नाकारली तेथे अवैध. या उत्तराचा आकर्षकपणा त्याच्या निःसंदिग्धतेत आहे. परंतु शूमानच्या उत्तराची भाषा बारकाईने पाहिली तर संमतीचा हा सिद्धांत तेथे पुरेसा ठरत नाही.

शूमानचे विधान व्याकरणदृष्ट्या संकेतार्थी आहे : असे केले असते, तर तसे झाले असते. हे विधान कृतीच्या उत्पत्तीविषयी आहे. वाद्य ही रचना पूर्ण झाल्यावर तिच्यावर चढवलेली वस्त्रप्रावरणे नव्हेत, रचनेच्या पहिल्या क्षणापासून ते विचारात सहभागी असते, असा त्याचा दावा आहे; आणि तो मान्य करण्यास अडचण नाही. परंतु 'क्लॅरिनेटसाठी विचार केला असता तर वेगळी कृती निर्माण झाली असती' या विधानातून 'ओबोसाठी निर्माण झालेली कृती क्लॅरिनेटवर वाजवता कामा नये' असा निष्कर्ष निघत नाही. पहिले विधान निर्मितिप्रक्रियेचे आहे, दुसरे निर्मित वस्तूच्या वापराचे. संस्कृतात रचली नसती तर एखादी कृती वेगळी झाली असती हे खरे असूनही तिचे मराठी भाषांतर त्यामुळे निषिद्ध ठरत नाही. शिवाय ओपस ७० ही रचनाही हॉर्नऐवजी चेलोसाठी कल्पिली असती तर वेगळीच झाली असती. तेथे शूमानने हा युक्तिवाद वापरलेला नाही. म्हणजे नकारामागील खरे कारण या संकेतार्थी विधानात पूर्णपणे व्यक्त झालेले नाही.

येथे एक लक्षणीय फरक नोंदवला पाहिजे. शूमानने मान्य केलेले पर्याय सुषिरवाद्याकडून तंतुवाद्याकडे जाणारे होते. नकार दिला तो एका सुषिरवाद्याकडून दुसऱ्या सुषिरवाद्याकडे जाण्याला. यावरून त्याचे काही निश्चित धोरण होते असे सिद्ध होत नाही. तरीही हा फरक विचारप्रवर्तक आहे. चेलोवर वाजणारी हॉर्नची रचना आपले स्थलांतर लपवू शकत नाही. ऐकणाऱ्याला दुसरे वाद्य ऐकू येतेच. क्लॅरिनेट आणि ओबो ही मात्र एकमेकांच्या शेजारची वाद्ये. त्यांच्यातील 'किंवा' हा शब्द फरकाला नगण्य ठरवतो. शूमानचा आक्षेप वाद्यांतरापेक्षा या 'किंवा'ला असावा, अशा वाचनाला वाव आहे.

हे वाचन स्वीकारले तर सिमरॉकने केलेली चूक आणि आजच्या हॉर्नवादकाचे कृत्य यांत भेद करता येतो. सिमरॉकने हयात रचनाकाराचा स्पष्ट नकार असताना त्याच्याच नावाखाली पर्याय छापला. जी समतुल्यता रचनाकाराने नाकारली, ती त्याच्या नावे जाहीर झाली. हा सत्यकथनाशी केलेला अपराध आहे. हॉर्नवादक आपल्या कार्यक्रमपत्रिकेत 'शूमान : ओबोसाठी रचना, हॉर्नसाठी वाद्यांतर' असे लिहितो, तेव्हा तो असा कोणताही दावा करीत नाही. त्याच्याविरुद्धचा आक्षेप, असलाच, तर तो रचनाकाराच्या वतीने न मांडता कृतीच्या वतीने मांडावा लागेल.

३

कृतीच्या वतीने आक्षेप घ्यायचा तर कृती म्हणजे काय हे आधी ठरवावे लागते. विसाव्या शतकातील सौंदर्यशास्त्रात याविषयी परस्परविरोधी भूमिका आढळतात. नेल्सन गुडमनने 'लँग्वेजिस ऑफ आर्ट' (१९६८) या ग्रंथात कृतीची एकात्मता स्वरलेखाशी असलेल्या पूर्ण अनुरूपतेवर बसवली; त्यातून एक स्वर चुकला तरी तो त्या कृतीचा प्रयोग ठरत नाही, असा प्रसिद्ध आणि बराचसा अडचणीचा निष्कर्ष निघाला. जेरल्ड लेव्हिन्सनने १९८० मधील आपल्या निबंधात स्वररचनेबरोबर वादनसाधन हेही कृतीचे घटक मानले. त्यानुसार हॉर्नवरील 'रोमान्स' ही मूळ कृती उरतच नाही. याच्या अगदी उलट टोकाला फेरुच्चो बुसोनी दिसतो. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या संगीतसौंदर्यविषयक पुस्तिकेत, रचनाकाराने कल्पना कागदावर उतरवणे हेच पहिले स्थलांतर होय, अशी भूमिका आहे. मग पुढील स्थलांतरांना दोष देण्याचे कारण राहत नाही.

मराठी वाचकाला या वादात बा. सी. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराची आठवण होणे स्वाभाविक आहे. संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी संवेदनांची संघटना होते, असे मर्ढेकर मानतात. या भूमिकेतून वाद्यांतराविषयी दोन निष्कर्ष काढता येतात, आणि ते परस्परांना छेद देतात. भर संघटनेवर दिला, तर संबंध टिकल्यामुळे कृती टिकली. भर संवेदनांवर दिला, तर नादाची जात बदलताच संबंधित पदेच बदलली, आणि पदे बदलल्यावर संबंध तेच राहिले असे म्हणणे निरर्थक ठरते. लयतत्त्वाला केवळ आकृतिबंध मानायचे की माध्यमाशी अविभाज्य असा संबंध मानायचे, ही मर्ढेकरी मीमांसेतील अडचण वाद्यांतराच्या उदाहरणात नेमकी उघडी पडते.

येथे आणखी एक आक्षेप संभवतो. हिंदुस्थानी संगीतात एकच राग गळ्यातून, सतारीवर, सनईवर वा व्हायोलिनवर मांडला जातो, आणि 'हा तोच राग काय' असा प्रश्न वाद्यभेदामुळे उपस्थित होत नाही. मग युरोपीय परंपरेने हा प्रश्न इतका गंभीर का करावा? याचे उत्तर 'कृती' या संकल्पनेच्या इतिहासात आहे. राग ही मांडणीची शक्यता आहे. ओपस ९४ ही पूर्ण लिहिलेली, क्रमांक दिलेली, मालकी असलेली वस्तू आहे. ही वस्तुरूप 'कृती' युरोपीय संगीतव्यवहाराचे नियमन सुमारे १८०० पासून करू लागली, असे लिडिया गोअरने 'द इमॅजिनरी म्यूझियम ऑफ म्यूझिकल वर्क्स' (१९९२) मध्ये मांडले आहे. अर्थात निष्ठेचा हा प्रश्न सार्वकालिक नाही. परंतु ऐतिहासिक असल्यामुळे तो खोटा ठरत नाही. शूमान स्वतः याच संकल्पनेच्या आत विचार करीत होता, आणि त्याची कृती हाती घेणाराही तिच्या आतच उभा असतो.

४

सत्ताशास्त्रीय भूमिकांची ही यादी लांबवण्यापेक्षा वाद्य बदलल्यावर प्रत्यक्षात काय घडते ते पाहणे अधिक फलदायी ठरेल.

ओपस ९४ मधील ओबोच्या ओळीत विश्रांतीला जागा जवळजवळ नाही, ही ओबोवादकांच्या परिचयाची अडचण आहे. ओबोवरील श्वासाची समस्या इतर सुषिरवाद्यांपेक्षा वेगळी असते. दुहेरी पत्तीतील फट अत्यंत अरुंद असल्याने हवा फार थोडी बाहेर पडते. वाक्यांश संपतो तेव्हा वादकाची छाती रिकामी नसते, ती वापरलेल्या हवेने भरलेली असते. नवा श्वास घेण्यापूर्वी जुना सोडावा लागतो. विश्रांती नसलेल्या दीर्घ रेषेत हा कोंडमारा वाढत जातो. 'रोमान्स'च्या शांत गतीखाली जो ताण जाणवतो, त्याचे हे शारीर अधिष्ठान आहे.

तीच रेषा हॉर्नवर नेली की परिस्थिती उलटते. हॉर्नला हवा पुष्कळ लागते. तेथे श्वास साचत नाही, संपतो. ओठांचे स्नायू थकतात आणि त्यांना विसावा हवा असतो, तोही येथे मिळत नाही. हॉर्नच्या वरच्या पट्टीत स्वयंभू स्वर एकमेकांना अगदी लागून असतात. ओठांचा ताण किंचित चुकला की शेजारचा स्वर लागतो. त्यामुळे प्रत्येक उंच स्वरारंभ जोखमीचा असतो. शिवाय हॉर्नची पल्ल्याची मर्यादा लक्षात घेता ओबोची रेषा बऱ्याच ठिकाणी एक सप्तक खाली आणावी लागते. तसे केल्यावर पियानोशी असलेले नाते बदलते. उजव्या हाताचे जे स्वर ओबोच्या खाली राहून त्याला आधार देत होते, ते आता गाणाऱ्या रेषेच्या वर जातात, आणि रेषा पियानोच्या मध्यभागात शिरते. मूळ रचनेत एक आवाज वर तरंगत होता. वाद्यांतरात तो आतून येतो.

म्हणजे स्वरांची नावे टिकली, तरी त्यांना धारण करणारी देहस्थिती आणि त्यांची परस्परसापेक्ष जागा बदलली. हा तोटा आहेच. पण तो केवळ तोटा आहे काय? हॉर्नवादकाचा संपत जाणारा श्वास हा ओबोवादकाच्या साचत जाणाऱ्या श्वासाचा अनुवाद नाही. मात्र त्याला दिलेले प्रत्युत्तर म्हणून तो ऐकता येतो. दोहोंतही दीर्घ रेषा देहाच्या मर्यादेशी झगडून सिद्ध होते. चेलोवर ही रेषा कितीही सुंदर वाजली तरी तेथे श्वासाचा प्रश्नच नसतो. त्या दृष्टीने हॉर्न हा चेलोपेक्षा 'रोमान्स'च्या अधिक निकट आहे.

याच ठिकाणी वाद्यांतर करणाऱ्याची खरी परीक्षा होते. हॉर्नवादकाला विसावा मिळावा म्हणून रेषेचे काही तुकडे तो पियानोकडे देऊ शकतो, दीर्घ वाक्यांश मध्येच तोडू शकतो, जोखमीचे उंच स्वर खाली घेऊ शकतो. यांतील प्रत्येक सोय स्वतंत्रपणे क्षम्य वाटते. परंतु सगळ्या सोयी घेतल्यानंतर जे उरते त्यात 'रोमान्स'ची चाल असते आणि 'रोमान्स'चा प्रतिकार नसतो. मूळ वाद्याची अडचण जेथे अर्थाला कारण झाली होती, तेथे नव्या वाद्याची अडचण शोधून ती पत्करणे, हे वाद्यांतराचे पहिले कर्तव्य म्हणता येईल.

५

या विवेचनाला योहानेस ब्राम्सच्या हॉर्न त्रयीने (ओपस ४०, १८६५) एक अनपेक्षित वळण मिळते. व्हॉल्व्ह असलेल्या हॉर्नचे पेटंट प्रशियात १८१८ मध्येच दिले गेले होते, आणि शूमानचे ओपस ७० त्याच नव्या हॉर्नसाठी आहे. असे असता ब्राम्सने सोळा वर्षांनंतर आपली त्रयी मुद्दाम जुन्या, व्हॉल्व्ह नसलेल्या हॉर्नसाठी लिहिली. त्या हॉर्नवर स्वयंभू स्वरमालिकेबाहेरचे स्वर वाद्याच्या मुखात हात घालून, नाद अंशतः कोंडून काढावे लागतात. हे स्वर मंद आणि झाकोळलेले येतात. ब्राम्सची भूमिका अशी की, कोंडलेल्या स्वरांमुळे हॉर्नवादकाला हळू वाजवणे भाग पडले नाही, तर व्हायोलिन आणि पियानोवरही त्याच्याशी जुळवून घेण्याचे बंधन राहत नाही. म्हणजे हॉर्नची उणीव ही त्या त्रयीतील तिघांच्या परस्परसंबंधांचा पाया आहे.

आज ही त्रयी बहुतेक वेळा व्हॉल्व्ह असलेल्या आधुनिक हॉर्नवर वाजते. सर्व स्वर सारखे उजळ येतात. ब्राम्सला हवे असलेले बंधन आपोआप लागू होत नाही, वादकांना ते स्वेच्छेने पाळावे लागते. तरीही या प्रयोगाला कोणी वाद्यांतर म्हणत नाही. कारण दोन्ही वाद्यांचे नाव 'हॉर्न' हेच आहे. उलट १८८४ मध्ये ब्राम्सनेच सुचवलेल्या व्हायोलाच्या पर्यायाला मात्र पर्याय म्हणून ओळखले जाते.

आता दोन प्रयोग शेजारी ठेवून पाहावेत. एकात शूमानचे 'रोमान्स' हॉर्नवर वाजतात. ते उघडपणे वाद्यांतर आहे. दुसऱ्यात ब्राम्सची त्रयी आधुनिक हॉर्नवर वाजते. ती 'मूळ कृती' म्हणून सादर होते. रचनाकाराच्या व्यक्त अटीचा भंग दुसऱ्या प्रयोगात अधिक स्पष्ट आहे, आणि श्रोत्याला त्याचा पत्ता लागण्याची शक्यता तेथेच सर्वांत कमी आहे. नावाच्या सातत्याने वस्तूतील खंड झाकला जातो. म्हणून वाद्यांतर आणि मूळ यांतील नैतिक सीमारेषा संज्ञांच्या आधारे आखता येत नाही. जे दूरचे आहे ते स्वतःचे अंतर सांगत असते. जे निकटचे आहे त्याच्याविषयीच अधिक जागरूक राहावे लागते. 'ओबो किंवा क्लॅरिनेट' या शब्दांना शूमानने दिलेला नकार या दृष्टीने पाहिला, तर तो रचनाकाराच्या लहरीपेक्षा अधिक काही ठरतो.

६

उरतो तो हॉर्नवादकाच्या हक्काचा प्रश्न. रोमँटिक कालखंडात हॉर्न हे वाद्यवृंदातील अत्यंत प्रिय वाद्य होते. परंतु हॉर्न आणि पियानो या जोडीचे त्या काळातील मोठ्या रचनाकारांचे साहित्य विरळ आहे. बेटहोफनचा ओपस १७ (१८००) त्याच्या उंबरठ्यावर, शूमानचा ओपस ७० मध्यभागी, सेंट-साँसचा 'रोमान्स' (ओपस ३६, १८७४) आणि राइनबर्गरचा सोनाटा (ओपस १७८, १८९४) त्यानंतर, अशी काही ठळक नावे सांगता येतात. चेलोवादक वा व्हायोलिनवादक यांच्यापुढील भांडाराशी याची तुलना होऊ शकत नाही. ज्याच्या वाट्याला परंपरेने थोडे ठेवले, त्याने शेजारच्या कोठारातून घ्यावे काय?

गरज ही स्वतः हक्क निर्माण करीत नाही, हे नीतिशास्त्रातील सर्वसाधारण तत्त्व येथे पुरेसे नाही. कारण येथे घेतल्याने कोणाचे काही कमी होत नाही. 'रोमान्स' हॉर्नवर वाजले म्हणून ओबोवादक त्यांना मुकत नाहीत. उलट कृतीच्या दृष्टीने वाद्यांतर कधीकधी जीवनमरणाचा प्रश्न असतो. शूबर्टचा १८२४ मधील आर्पेजिओने सोनाटा ज्या वाद्यासाठी लिहिला गेला, ते सहा तारांचे, गिटारसारखे पडदे असलेले आणि गजाने वाजवायचे वाद्य, हा सोनाटा १८७१ मध्ये छापला गेला तोपर्यंत व्यवहारातून नाहीसे झाले होते. चेलो आणि व्हायोला यांनी तो आपलासा केला नसता, तर तो संग्रहालयातील वस्तू झाला असता. वाद्यांतराला सरसकट दूषण देणाऱ्याला या सोनाट्याचे काय करायचे ते सांगावे लागेल.

म्हणून हॉर्नवादकाला हक्क आहे असे म्हणावे लागते; मात्र तो दोन अटींनी बांधलेला आहे. पहिली अट प्रकटनाची : जे बदलले ते बदलले असे सांगणे, आणि नावाच्या आडोशाने समतुल्यतेचा दावा न करणे. दुसरी अट प्रतिकाराची : मूळ माध्यमाने आशयाला जो विरोध केला होता, त्याच्या तोडीचा विरोध नव्या माध्यमात शोधणे. पहिली अट श्रोत्याप्रत असलेल्या सत्याची आहे, दुसरी कृतीप्रत असलेल्या आदराची. रचनाकाराची संमती या दोहोंना पूरक ठरू शकते; त्यांची जागा ती घेऊ शकत नाही. संमती असलेले वाद्यांतर सर्व सोयी घेऊन निःसत्त्व होऊ शकते, आणि संमती नसलेले वाद्यांतर या दोन्ही अटी पाळू शकते.

या निष्कर्षाचा साहित्यव्यवहाराशी असलेला संबंध उघड आहे. रशियन वा फ्रेंच कादंबऱ्या मराठीत पुष्कळदा इंग्रजीमार्गे आल्या. ही मध्यस्थी जेथे सांगितली गेली तेथे वाचकाला आपण कोठे उभे आहोत हे कळले, आणि जेथे सांगितली गेली नाही तेथे समीक्षकांनी मूळ लेखकाच्या म्हणून ज्या शैलीची चर्चा केली, ती कदाचित इंग्रजी भाषांतरकाराची होती. येथेही धोका मराठी भाषांतरात नव्हता. मधल्या पायरीच्या मौनात होता. भाषांतराच्या चर्चेत 'किती टिकले' हे आपण नेहमी मोजतो. त्याबरोबर दोन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी लागेल : काय बदलले ते सांगितले आहे काय, आणि मूळ भाषेत जेथे लेखकाला वाट काढावी लागली होती, तेथे भाषांतरकारालाही वाट काढावी लागली काय, की त्याला आयता रस्ता मिळाला? शूमानच्या नकाराने प्रकाशकाचे मन वळले नाही. त्या नकारातील मागणी मात्र क्लॅरिनेटपुरती नव्हती, आणि ती अद्याप फिटलेली नाही.